बारा घरांत ठेवलेलं पाकीट

तिया ओन्यांग भातावर काळी कॉफी ओतून खायची. सोबत सुका मासा.

कुणाच्याही दारात गेली की आधी चौकटीला हात लावायची, मग माणसाकडे बघायची.

बँकेचा फॉर्म समोर आला की तिचे डोळे दुखायचे. पोलिसांच्या गाडीचा नंबर मात्र ती दोन गल्ल्यांवरून वाचायची.

"काल मला स्वप्न पडलं," असं कुणी म्हटलं की हातातलं काम थांबवायची.

तिच्या दुकानात कॅलेंडर होतं, पेन नव्हतं.

मला ती 'नेने' म्हणायची, म्हणजे पोरी. चिडली की 'पदवीधर'.

ती गेली त्याला आज नऊ दिवस झाले. नवव्या दिवसाची प्रार्थना आटोपली, शेवयांचं पातेलं रिकामं झालं, माणसं घरी गेली. मी तिच्या दुकानाच्या जाळीमागे बसून हे लिहितेय. इथे बसून कुणी काही लिहिलेलं तिला अजिबात आवडलं नसतं.

तिया म्हणजे मावशी. ती माझी कुणीच नव्हती, पण आमच्या पुलोंग बातो वस्तीत ती सगळ्यांचीच तिया होती. दुकान तिने म्हातारपणी टाकलं. त्याआधी एकतीस वर्षं ती हुएतेंगचे आकडे गोळा करत घरोघर हिंडली. सदतीसपैकी दोन आकडे सांगायचे, वर दहा-वीस पेसो लावायचे, दुपारी निकाल. सरकारच्या लेखी तो गुन्हा होता. वस्तीच्या लेखी ती सकाळची दुसरी कॉफी होती. आकडा सुचत नसेल तर तिया विचारायची, "रात्री स्वप्नात काय पाहिलंस?" मग ती स्वप्नाचा आकडा काढून द्यायची. साप, सासू, पाणी, मेलेला शेजारी, प्रत्येकाचा आकडा ठरलेला.

बाकीचे लोक आकडे चिठ्ठीवर लिहायचे. चिठ्ठी सापडली की आत. तियाने आयुष्यात एक चिठ्ठी लिहिली नाही. एकदा पोलिसांनी तिची पिशवी रस्त्यावर उलटी केली. त्यातून जपमाळ पडली आणि तीन वांगी.

"आकडे कुठेत, म्हातारे?"

"कसले आकडे, सर? मी मिस्साला निघालेय."

"वांगी घेऊन?"

"पाद्रीबाबांना आवडतात."

त्या वेळी तिच्या डोक्यात एकशे चाळीस घरांचे आकडे होते. हे मला तिनेच सांगितलं, त्यामुळे घरं थोडी कमी धरायला हरकत नाही.

मग महामारी आली. वस्तीतली पोरं, रिक्षावाले, दोन शिक्षिका, सगळे फोनवर एक खेळ खेळायला लागले. गोल गोल प्राण्यांची झुंज लावायची आणि जिंकलं की नाणी मिळायची. नाणी खरी, पण फोनच्या आतली. तांदूळवाला ती घेत नव्हता. तियाने घेतली. पोरांनी नाणी तिच्या पाकिटात पाठवायची, तिने जाळीतून पेसो द्यायचे आणि मध्ये थोडं स्वतःला ठेवायचं. ते पाकीट तिच्या फोनवर मी उभं करून दिलं होतं. माझी साहित्याची पदवी नुकतीच हातात पडली होती आणि दुसरं काही काम नव्हतं.

पाकिटाने पडद्यावर बारा शब्द दाखवले. इंग्रजीतले, साधे, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले.

"हे कागदावर लिहून ठेवायचे, तिया. फोन बिघडला तर हेच बारा शब्द याच क्रमाने दुसऱ्या फोनमध्ये घालायचे. पाकीट परत उघडतं. पण दुसऱ्या कुणाच्या हाती पडले तर त्याच्याकडेही उघडतं."

"आणि हरवले तर बँकेत जायचं?"

"बँक नाहीच यात. पाकीट तुमचं एकटीचं. तक्रार करायला कुणी नाही."

तिला हे फार आवडलं. "म्हणजे आपल्या धंद्यासारखंच की!"

"तर कागद आणा."

"नेने, एकतीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी कागद लपवला ते सगळे आत गेले. मी बाहेर बसलेय. वाच मोठ्याने. अर्थ सांग."

मी तीनदा वाचले, अर्थ सांगितले. तिने डोळे मिटून ऐकलं, मग मला केळ्याची भजी दिली आणि हाकललं. मी कागदाचा आग्रह धरला नाही. ती चूक माझी.

खेळाची हवा वर्षा-दीड वर्षात गेली. तियाने वेळीच सगळी नाणी विकून डॉलरच्या बरोबरीने चालणारी नाणी घेतली होती. मी घ्या म्हटलं म्हणून नव्हे. तिला स्वप्नात फुटका घडा दिसला म्हणून. ती नाणी तिने पाकिटातच राहू दिली. "घरात रोकड ठेवली की भाचे वास काढत येतात," ती म्हणायची. "याला वास नाही."

ती नाणी कशासाठी होती ते मला ठाऊक होतं. तियो इतोंगसाठी. तिचा नवरा. पाच वर्षांपूर्वी गेला.

आमच्याकडे गरिबाला कबर भाड्याने मिळते. भिंतीत एकावर एक कप्पे असतात, मुदत पाच वर्षांची. मुदत संपली की हाडं पोत्यात घालतात, पोतं मागच्या खोलीत जातं आणि कप्पा पुढच्या माणसाला. तियो इतोंगची मुदत तीस सप्टेंबरला संपत होती. स्मशानाच्या माणसाने कप्प्यावर तांबड्या रंगाची फुली आधीच मारून ठेवली होती.

"जिवंतपणी सात घरमालकांनी हाकललं त्याला," तिया म्हणाली. "आता मेल्यावरही?"

तिला जमिनीतली कायमची जागा हवी होती. दोघांची. मागच्या बाजूला पेरूच्या झाडाजवळ एक होती. तिची किंमत आणि पाकिटातली नाणी जेमतेम जुळत होती.

चौदा सप्टेंबरला तियाने ॲप्रन साबणाच्या पाण्यात भिजत घातला. खिशात फोन होता.

आम्ही तो तीन दिवस तांदळात पुरून ठेवला. चौथ्या दिवशी तांदूळ शिजवून खाल्ला. फोन दुरुस्तीवाल्या पोराने फोन कानाशी धरून हलवला. आतून पाण्याचा आवाज आला.

"तिया, याच्यासाठी आता मेणबत्ती लावा."

मी तिला बाजूला घेतलं. "तिया, शब्द आठवतायत ना?"

"आठवत नाहीत."

मी स्टुलावर बसले.

"आठवायचे कशाला? ठेवलेत."

"कुठे?"

"घरोघरी. एकेका घरी एकेक. माझ्या जुन्या फेरीतली पहिली बारा घरं. दारात उभी राहीन, माणूस तोंड उघडेल, शब्द बाहेर येईल. आकडे असेच तर ठेवायचे. तुमच्या कॉलेजात हे शिकवत नाहीत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही निघालो. तिने फेरीची जुनी छत्री घेतली. मला ताकीद दिली: कागद नाही, पेन नाही. शब्द तिने माझ्या कानात सांगायचा, मी लगेच माझ्या फोनमध्ये घालायचा. ते पाकीट आता रिकामं आहे, म्हणून शब्द इथे सांगायला हरकत नाही. अर्थानेच सांगते.

पहिलं घर रिक्षावाल्या कुया तोलितसचं; कुया म्हणजे दादा. तियाने चौकटीला हात लावला.

"रात्री स्वप्नात काय पाहिलंस?"

तोलितसच्या हातातला पाव खाली पडला. "तिया! परत सुरू झालं? अगं बाई, ऐकलंस का, परत सुरू झालं! थांबा, थांबा. सासू पाहिली. पाण्यात."

"बुडत होती की पोहत?"

"पोहत. दुर्दैव."

तिया माझ्या कानाशी आली. "शिडी." पुढच्या दाराकडे जाताना तिने खुलासा केला. तोलितसने बायकोला खिडकीतून पळवून आणलं होतं, शिडी लावून. "शिडी अजून सासऱ्याला परत केलेली नाही."

दुसरं घर बेकरीवाल्या विधवेचं. लसूण. का ते मी विचारलं नाही, तिच्या जवळ उभं राहिलं की कळायचं. तिसऱ्या घरी दोरींग राहायची. तिला वस्तीतल्या सगळ्या बातम्या आधी कळायच्या. तिचा शब्द डास.

"कानात काय कुजबुजतेस गं तिच्या?" दोरींगने विचारलं.

"तुझ्या तब्येतीची चौकशी करतेय."

"मग मला विचार ना!"

"तू खरं सांगणार नाहीस."

चौथं घर वस्तीच्या कॅप्टनचं, म्हणजे निवडून आलेल्या प्रमुखाचं. त्याने आम्हाला गल्लीच्या तोंडाशीच पाहिलं होतं. तो फाटकात कमरेवर हात ठेवून उभा होता.

"तिया ओन्यांग, माझ्या वस्तीत पुन्हा आकडे?"

"आकडे नाहीत, कॅप्टन. नुसतं स्वप्न विचारायला आले."

"कायदा माहीत आहे ना?"

"तुझ्या आजीला तीन वेळा लागला होता आकडा, तेव्हापासून माहीत आहे."

कॅप्टनने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "काळी म्हैस पाहिली. माझ्या खुर्चीवर बसलेली. किती होतात?"

"गाढव," तिया माझ्या कानात म्हणाली.

मी फोनमध्ये घातलं. कॅप्टनने मान लांब केली. "काय लिहिलं तिने? माझंच ना?"

"तुझंच," तिया म्हणाली.

पुढे आमच्याआधी बातमीच पोहोचत गेली. लोक दारात येऊन उभे राहिले. कुणाच्या हातात दहाची नोट, कुणाच्या वीसची. एका म्हाताऱ्याने गेल्या चार वर्षांची स्वप्नं साठवून ठेवली होती, ती सगळी सांगितली. तियाने एक पेसो घेतला नाही. "आज फक्त स्वप्नं," ती म्हणत होती. लोक डोळे मिचकावत होते.

सातव्या घरापाशी ती थांबली. घर नव्हतं. तिथे पिण्याच्या पाण्याचे निळे डबे भरून देणारं दुकान होतं. एक अनोळखी माणूस नळाखाली डबा धुत होता.

तियाने काचेच्या दाराला हात लावला. परत लावला.

"काय हवंय, आजी?"

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तू नाहीस," ती म्हणाली.

आठ ते बारा घरं झाली. शब्द सरळ आले. दुपारी तीनपर्यंत माझ्या फोनमध्ये अकरा शब्द होते आणि मध्ये एक रिकामी जागा.

असे एकूण दोन हजारांवर शब्द असतात, त्यांची यादी मिळते. ती मी तिला वाचून दाखवायला सुरुवात केली. सगळे शब्द एकेक करून यंत्राकडून घालून बघता येतात, हे मला एका मित्राने नंतर सांगितलं. तेव्हा मला माहीत नव्हतं. मी रोज दुकानात बसून वाचत होते, ती कांदे निवडत होती.

"हा असेल," ती म्हणायची.

"तिया, आतापर्यंत तुम्ही एकशे सहा शब्दांना 'हा असेल' म्हणालात."

"मग चांगले शब्द वाच ना जरा. चार वर्षं काय शिकलीस?"

सत्तावीस तारखेला मी यादी खाली ठेवली. "सातवं घर कुणाचं होतं?"

ती कांद्याशी बोलल्यासारखी म्हणाली, "सेन्यांगचं."

मग मला कळलं की ती इतके दिवस कांदे का निवडत होती. सेन्यांग ही तिची लहानपणची मैत्रीण. एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी नऊ-सत्तावीस हा आकडा आला. सेन्यांग म्हणाली, मी सकाळी हाच सांगितला होता. तिया म्हणाली, तू अकरा-तीस सांगितलास. चिठ्ठी नव्हतीच. सेन्यांगने भर रस्त्यात तियाला म्हातारी, विसराळू, चोर म्हटलं, याच क्रमाने. पहिली दोन तियाला जास्त लागली. तेव्हापासून बोलणं बंद. तीन वर्षांपूर्वी सेन्यांग घर विकून मुलाकडे राहायला गेली. नदीपलीकडे, रिक्षाने अर्धा तास.

"बोलणं नव्हतं तर तिच्या घरी शब्द का ठेवलात?"

"फेरीत सहाव्यानंतर सातवं घर येतं, पदवीधर. मी काय करू?"

अठ्ठावीसला आम्ही नदीपलीकडे गेलो. कुया तोलितसची रिक्षा. त्याने वाटेत दोनदा विचारलं की पोहणाऱ्या सासूला कोणता आकडा. सेन्यांगच्या मुलाचं घर उंच जोत्यावर होतं. तियाने चौकटीला हात लावला आणि व्हरांड्यातल्या बाकावर टेकली. मी हाक मारली.

आतून आवाज आला, "कोण आहे?"

मग ती आली. जाड, बुटकी, रबरी चपला फटफटवत, दोन्ही कुशींवर झुलत, पाय बाहेर टाकत. पायरी उतरताना तिने मान पुढे काढली.

तियाने माझं कोपर असं दाबलं की मी ओरडणार होते.

"बदक," ती कुजबुजली.

मी फोन पाठीमागे घेऊन शब्द घातला. पाकीट उघडलं. सगळी नाणी जागच्या जागी होती. मी तियाला मानेने खूण केली. झालं. चला.

ती उठली नाही.

"मेलीस असं ऐकलं होतं," सेन्यांग म्हणाली.

"अफवा. मीच पसरवली. कोण रडतं ते बघायला."

"मी नाही रडले."

"कळलं मला ते."

"एकोणीस वर्षांनी आलीस ती कशाला?"

"तुला बघायला."

"बघितलंस?"

"बघितलं. केस काळे करतेस."

"आणि तू करत नाहीस, ते दिसतंय." सेन्यांगने हाताची घडी घातली. "आता आलीच आहेस तर इथे, माझ्या दारात बसून सांग. त्या दिवशी मी काय सांगितलं होतं? अकरा-तीस की नऊ-सत्तावीस?"

तोलितसने रिक्षाचं इंजिन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून.

तिया म्हणाली, "नऊ-सत्तावीस. तुझं बरोबर होतं. मी चुकले."

सेन्यांग मटकन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मग ती उठून आत गेली आणि नारळाच्या दुधातला गोड भात घेऊन आली. तिघांना दिला. तोलितसला दोनदा.

परतताना मला राहवेना. मी तिला चुकल्याचं कबूल करताना कधी ऐकलं नव्हतं.

"तिया, खरंच तुम्ही विसरला होतात?"

"मी?" ती भडकली. "अकरा-तीस! सकाळी पावणेआठ. ओले केस, लाल झगा, पायाशी पिवळं मांजर. दहा पेसो. अकरा-तीसच सांगितले होते त्या बयेने."

"मग खोटं का बोललात? शब्द तर आधीच मिळाला होता."

"म्हणूनच. तिचं बदक फुकट घेतलं ना मी. काहीतरी द्यायला नको?"

चार वर्षं वाचलेलं सगळं मी मनात चाळून पाहिलं. यावर काही सापडलं नाही.

एकोणतीसला आम्ही नाणी पाठवली. गावातला एक व्यापारी नाणी घेऊन पेसो द्यायचा. त्याच्या पाकिटाचा पत्ता म्हणजे बेचाळीस अक्षरं-आकडे. एक जरी चुकलं तरी नाणी कुठल्या कुठे जातात आणि परत येत नाहीत. लोक पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं तपासतात. तियाने मला बेचाळीसच्या बेचाळीस वाचायला लावली. व्यापाऱ्याने त्याच्या फोनवरून वाचली, मी माझ्यावरून. ती मध्ये डोळे मिटून बसली होती.

"परत. एकोणिसावं कुणी खाल्लं?"

एकोणिसावं खरंच मी गाळलं होतं.

आधी एकच नाणं पाठवलं. ते पोहोचल्याचं व्यापाऱ्याने दाखवलं. तियाने त्याच्याकडून कॉफी मागवली, प्यायली आणि मग म्हणाली, "आता घाल सगळी." मी बटण दाबलं. तिने स्वतःच्या छातीवर क्रूस काढला, मग माझ्या फोनवर काढला.

तीस तारखेला सकाळी तियो इतोंग कप्प्यातून निघाला आणि दुपारी पेरूच्या झाडाजवळ जमिनीत गेला. पोतं लागलं नाही. तियाने हाडं स्वतः पांढऱ्या चादरीत बांधली. "किती हलका झालास रे," ती त्याला म्हणाली. "आधी झाला असतास तर पलंग वाचला असता."

त्यानंतर साडेचार महिने ती रोज दुपारी दुकान बंद करून तिथे जायची. जागेला गुडघाभर उंचीचं लोखंडी कुंपण होतं. ते तिला निळं हवं होतं, आकाशी नव्हे, गडद. तीन बाजू तिने एकटीने रंगवल्या. चौथी बाजू शेजारच्या कबरीबरोबर सामाईक होती. ती जागा देला पेन्या कुटुंबाची. त्यांना कुंपण पांढरं हवं होतं.

महिनाभर निरोप गेले-आले. ते मीच नेले. "त्यांना सांग, पांढरा रंग डाग दाखवतो." "त्यांना सांग, त्यांच्या आजोबांनी माझ्याकडे आकडे लावलेत, कोणते ते मला आठवतं." शेवटी तह झाला. प्रत्येक गजाची त्यांच्याकडची बाजू पांढरी, आपल्याकडची निळी. त्यांनी एका माणसाला पैसे देऊन आपली बाजू एका सकाळीच उरकली.

तियाने माणूस लावायला नकार दिला. गजाच्या कडेला निळा पांढऱ्यावर जाऊ नये म्हणून ती लहान ब्रश वापरायची आणि एका दुपारी एकच गज करायची. कधी अर्धा. मग तियो इतोंगशी भांडत बसायची.

गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी ती दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या गेली. रविवारी आम्ही तिला त्याच्या शेजारी ठेवलं. सेन्यांग मुलाच्या गाडीतून आली होती. ती रडली, आणि रडताना तिने चारचौघांना ऐकवलं की ओन्यांगने स्वतःची चूक कबूल केली होती. मी मान डोलावली.

आज सकाळी मी परत जाऊन पाहिलं. चौथ्या बाजूला चौदा गज आहेत. पाच झालेत. सहावा खालून वर निम्मा आलाय. रंगाचा डबा पेरूच्या बुंध्याशी आहे, झाकण घट्ट बसवलेलं, ब्रश रॉकेलच्या बाटलीत उभा.